ताडपत्रीखालचा बॉल

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली होती अन् अब्बा खिडकीखाली डब्बा घेऊन उभे होते. मी हात बाहेर काढला. त्यायनं डब्बा मांगं घेतला.

"सीधा हात."

मी डेबऱ्या, म्हंजे डावखुरा. हात तसाच ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, अब्बा डब्बा छातीशी धरून संगं चालू लागले. शेवटी मांगच्या खिडकीतल्या बाईनं तो घेतला अन् मले देल्ला.

"भांडन हाय का बाप्पा तुमचं?"

"नाई बाई, आमच्या इथी लाड असेच करते."

अब्बा टेलर. त्यायची कैची उजव्या हाताची, माह्या हातात आली का कपडा चावे. गिऱ्हाइकाले डाव्या हातानं पँट देल्ली तं म्हने बरकत जाते. म्हनून मले दुकानाबाहेर पायरीवर बसवलं. तिथी बसून मी साऱ्यायच्या नकला करो. कंडक्टरची, हेडमास्तरची, तोंडात टाचन्या धरून बोलनाऱ्या अब्बाची. अन् कतरनीचा गोळा दोऱ्यानं गुंडाळून छपराच्या कवेलूवरच्या माकडायले मारो. दुकानाची ताडपत्री इतकी खाली बांधली होती का हात वर जायेच नाई, आडवाच फेका लागे.

शाळेत बेसबॉल होता तो सर्टिफिकेटचे मार्क भेटते म्हनून. पन नागपूरच्या शिबिरात कोरियाच्या एका कोचनं माहा हात पाह्यला अन् कोरियाले बोलावलं. स्टँडवरची ती गाडी त्याच वाटेची.

मले वाटलं, चला, तिथी तं कोनी हाताचं नाव काढनार नाई. पह्यल्याच दिवशी मोठ्या कोचले डाव्या हातानं पान्याची बाटली देल्ली. साऱ्यायचे चेहरे पडले. इथीबी मोठ्या मानसाले उजव्या हातानंच द्या लागते, वरून डावा हात कोपराले लावून. म्हनलं, अब्बा माह्या आंधीच पोहोचले का काय.

काम भेटलं ते नकलेचं. उद्या जिच्याशी मॅच, त्या टीमच्या डावखुऱ्या पिचरची, म्हंजे बॉल फेकनाऱ्याची, नक्कल करून आपल्या बॅटरले प्रॅक्टिस द्याची. कोनी पिचर पाय उचलून थांबे, कोनी टोपी सारखी करे. सारे हासत, अन् मॅच सुरू व्हाच्या आंधी मले मैदानाबाहेर काढत. मी साऱ्यायचा हात होतो, माहा सोडून.

मंग दुसऱ्या फळीच्या एका मॅचमधी आमचे डावखुरे पिचर जखमी झाले. कोच म्हने, एकाच बॅटरपुरता जा. बाद केला तं टीममधी, नाईतं परत नकला. मांगून येनाऱ्या पिचरचं काम म्हंजे आल्टर करनं: दुसऱ्यानं कापून बिघडवलेलं तुमी नीट करा.

भेवानं मी तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या पिचरची नक्कल केली. बॅटरनं असा हानला का बॉल रेघेच्या बोटभर बाहेर पडला. थोडक्यात वाचलो, उलट बॅटरचीच एक चूक मोजली. बॅटरमांगं बसनारा आमचा कॅचर चालत आला. त्याची कोरियन मले अशी समजली: "तो पिचर बॅटरले पाठ हाय. तुहा सोताचा हात कुठी हाय?"

मले पायरी आठवली. टोपीच्या वर ताडपत्री हाय असं समजून वाकलो अन् आडवा हात फिरवला. बॅट नुसती हवेत फिरली. परत तसाच. तिसऱ्या चुकीवर बॅटर बाद. आता माह्या पाठीवर नंबर हाय. माहीच नक्कल करनारा कोनीतरी दुसऱ्या टीमनं ठेवला असनच, करू दे.

तुमी तिकडचे सारे पुसता, घर आठवते का. सांगतो. अब्बानं फोनवर मॅच पाह्यली अन् पह्यली खबर देल्ली का ताडपत्री आता वर बांधली, माह्या डोक्याले लागे म्हनून. म्हनलं, खाली करा, मले येनं हाय. इथी टाळ्या वाजवतानी लोकं बॉल पाहते. हात पाहनारा एकच मानूस, तो तिथी बसून हाय.

"खाना तो सीधे हात से खाता ना?" त्यायनं पुसलं.

"हाव अब्बा." मी एका हातात व्हिडिओ कॉलचा फोन धरून सूप पिऊन राह्यलो होतो. चमचा कॅमेऱ्यात दिसत नव्हता.

अब्बानं तोंडातल्या टाचन्या काढल्या.

"तो फोन कौनसे हात में है?"