काकूंच्या आवाजातली प्रार्थना

मी प्रार्थना करायला शिकले ती शेजारच्या काकूंकडून. कुरुंद्यापासून पायी पाऊण तासावर आमचं गाव. गावात ख्रिस्ती म्हणजे आमची चार घरं, लहानमोठी पंधरा-सोळा माणसं. दर रविवारी ही मंडळी आमच्याच पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर बसायची. पाळकसाहेब वसमतहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येत, म्हणून प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी मिळून खायची ते, त्याच दिवशी. एरवी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं काम माझ्याकडे आणि प्रार्थना काकूंकडे.

काकूंना अक्षरओळख नव्हती. हळदीच्या रानात त्या रोजानं जायच्या. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की डोक्यावर पदर घ्यायच्या आणि बांधावर कुणी ओळखीचं भेटावं तसं देवाशी बोलायला लागायच्या. "देवा, तुला तर म्हाईतच हाय, पण मी सांगून राहिले. शेळीला ताप हाय. गिरणीवाला दळण जाड काढून राहिला. सुनंचं डोकं दुखून राहिलं, का ती सोंग करून राहिली, ते तूच बघ."

सून शेजारीच बसलेली असायची. ती डोळे न उघडता म्हणायची, "सोंग न्हाई आत्याबाई, खरंच दुखतंय."

"बरं देवा, खरंच दुखतंय म्हणे," असं म्हणून काकू पुढच्या अडचणीकडे वळायच्या.

दहावीच्या परीक्षेआधी मी त्यांना म्हणाले होते, मला नीट प्रार्थना जमत नाही. "पुस्तकातलं काहून बोलतीस त्याच्याशी?" त्या म्हणाल्या. "त्याचं न् आपलं रोजचं हाय. पोट दुखलं तं पोट दुखतंय म्हण." तेव्हापासून मी त्यांच्यासारखीच बोलू लागले. "तुला तर माहीतच आहे" म्हटलं की पुढचं आपोआप यायचं.

बारावीनंतर वडील मला नांदेडला पाठवायला तयार नव्हते. काकू ओसरीवर येऊन बसल्या. "भाऊ, तुमी व्हय म्हणेस्तोवर मी उठत न्हाई. शेळी बी इथंच आणून बांधते." वडिलांना हसू आलं, आणि मी नांदेडला गेले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ती पदवी त्या ओसरीवर मिळाली, असं मला आजही वाटतं.

होस्टेलमध्ये दुसऱ्या वर्षी एका रविवारी दुपारी पोरी आपापल्या गावच्या माणसांच्या नकला करत होत्या. कुणी मामाची केली, कुणी सरपंचाची. मी एरवी गप्प बसणारी. माझी पाळी आली तेव्हा मी ओढणी डोक्यावर घेतली, आवाज नाकात काढला आणि म्हणाले, "देवा, तुला तर म्हाईतच हाय…" पोरी गाद्यांवर लोळून हसल्या. "अजून एकदा," त्या म्हणाल्या. मी तीनदा केली. तिसऱ्यांदा शेळी आणि सुनेच्या जोडीला मनाचं बरंच काही घातलं. त्या दिवसापासून पोरी मला नावानं ओळखू लागल्या, आणि मला ते फार आवडलं.

त्या पोरींत एक वारंगा फाट्याची होती. तिची आत्या आमच्या गावात दिलेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "काकूंची नक्कल केलीस का गं?"

मी चुलीत काटकी सरकवली.

"त्यांना कळलंय," आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

होस्टेलवर परत आल्यावर प्रार्थनेला बसले आणि पहिल्याच वाक्याला मला माझाच नाकातला आवाज ऐकू आला. पोरींचं हसूही ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तेच. वेगळ्या, शुद्ध शब्दांत करून पाहिलं, तर अर्ज लिहिल्यासारखं वाटलं. मला प्रार्थनेचा दुसरा आवाजच नव्हता. हळूहळू मी बसणंच सोडलं. देव नाही, असं मी कधी म्हटलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद झालं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब थांबतात आणि म्हणतात, कुणाचं कुणाशी काही असेल तर आधी मिटवा. मग खरोखरच माणसं उठतात. जावा-जावा कोंबड्यांवरून झालेलं भांडण तिथंच मिटवतात, कधी मिटवता मिटवता नव्यानं भांडतात. सगळं निस्तरेपर्यंत ताट झाकलेलं राहतं. मी तिथं बसले असते तर मला उठावं लागलं असतं. म्हणून मी पहिला रविवार टाळू लागले. पुढे संभाजीनगरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हाही रजा दुसऱ्या आठवड्यातच घ्यायची. काकू दारात भेटायच्या. "आलीस का? वाळलीस गं," एवढंच म्हणायच्या. अशी सात वर्षं गेली.

शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये मी जात होते. गायन सुरेल, माइक, पंखे. मी मागच्या बाकावर बसायची. सगळे डोळे मिटायचे तेव्हा मी उघडे ठेवायची आणि आमच्या सतरंजीची आठवण काढायची. देवाची आठवण येत होती की त्या खोलीची, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

गेल्या वर्षी सोबत काम करणाऱ्या एका ताईंच्या मुलाचं ऑपरेशन होतं. त्या रोज गणपतीला जाणाऱ्या. मला म्हणाल्या, "तुम्ही लोक मनापासून प्रार्थना करता म्हणतात. माझ्या बाळासाठी कराल?" मी हो म्हटलं. नमुन्यांच्या खोलीत दार लावून उभी राहिले. "देवा, तुला तर…" इथंच अडकले. पाच मिनिटं तशीच उभी राहून बाहेर आले आणि "केली" म्हणाले. मूल बरं झालं. ताई पेढे घेऊन आल्या, माझे हात धरून रडल्या. तो पेढा मी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. मी शनिवारीच घरी गेले.

पाळकसाहेब थांबले तेव्हा मी उठले. काकूंपुढे गुडघ्यांवर बसले. "काकू, मी होस्टेलात तुमची नक्कल केली होती. मला माफ करा."

"म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "सात वर्षं वाट पाहून राहिले." मग म्हणाल्या, "कर बरं. साऱ्या पोरींनी ऐकली, मीच तेवढी ऐकली न्हाई."

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कुणी हसलं नाही. मी ओढणी डोक्यावर घेतली.

"देवा, तुला तर म्हाईतच हाय," मी म्हणाले, "पण मी सांगून राहिले." पुढे शेळी यायला हवी होती, ती आली नाही. "मी काकूंना हसले. सात वर्षं तुझ्याशी बोलले न्हाई. एका आईला खोटं सांगितलं. मला करमत न्हाई तुझ्याबिगर." मग मी बराच वेळ बोलत राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही.

"आमेन," काकू म्हणाल्या. पदरानं माझं तोंड पुसलं. "पर मी अशी नाकात न्हाई बोलत."

"बोलता आत्याबाई," सून म्हणाली.

काकूंनी सरकून मला शेजारी जागा केली. पाळकसाहेबांनी ताटावरचं फडकं काढलं. आईनं केलेल्या पोळीचे तुकडे एकेकाच्या हातावर पडू लागले. आमच्याकडे सगळ्यांना मिळेपर्यंत कुणी खात नाही. माझ्या हातावर तुकडा आला तेव्हा अजून सात-आठ माणसं राहिली होती. मी मूठ मिटून बसले. सात वर्षं लांब राहिले होते, पण तेवढा वेळ मला फार मोठा वाटला.