सेल उन्हात, रेडिओ घरात

या ग्रुपवर मी नुसती वाचत असते. निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसतेही... रागावू नका, स्वभावच तसा आहे. शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेली बाई मी. आणि वाढले ती अप्पांच्या घरात. माझे वडील म्हणजे अप्पा. मंगळवार पेठेत त्यांचं डाळी-कडधान्याचं दुकान. आमच्या लिंगायत घरात पूजाअर्चा भरपूर, पण भुताखेताचं नाव कुणी काढलं की अप्पा म्हणायचे, "त्याला दुकानात धाडून द्या, पोतंभर तूर निवडायला लावतो. बघू राहतंय का." तेव्हा अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही असंच मी म्हणते. पण एक दुपार अशी आहे की तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापूरला बाळीवेशीजवळ आमचं घर, वर मातीचं माळवद, गच्चीसारखं सपाट. घरात अप्पा, माझी आई — तिला आम्ही अव्वा म्हणायचो — दादा, वहिनी आणि बी.एस्सी.ला असलेली मी. दादा डिझेल इंजिनांचा फिटर. त्या वर्षांत कोकणातल्या मच्छीमार होड्यांना इंजिनं बसायला लागली होती आणि कंपनी त्याला तिकडं पाठवायची. असाच मालवणच्या अलीकडच्या एका छोट्या बंदरात इंजिन बसवायला गेला आणि होडीमालकाच्या मुलीशी लग्न ठरवून आला.

घरात काय झालं असेल ते सांगायला नको. आम्ही अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत न आणणारी माणसं, आणि सून मासेमाराची. लग्नाला अप्पा गेले, मी गेले. अव्वा गेली नाही. व्याह्यांशी ती एक शब्द बोलली नव्हती.

सुमनवहिनी आली आणि निमूटपणे भाकरी-आमटीत रमली. एकच गोष्ट तिनं माहेरची सोडली नाही — रेडिओ. दादाचा ट्रान्झिस्टर होता, कातडी कव्हरचा. त्यावर मच्छीमारांसाठी हवामान सांगायचे. वारा कुठून, किती जोराचा, समुद्र शांत की खवळलेला. सोलापुरात, जिथं नळाला पाणी आलं तरी गल्ली हरखायची, तिथं ही बाई रोज कान लावून समुद्राची खबर ऐकायची. मी चिडवायचे, "वहिनी, आज आपली होडी बाळीवेशीतून सोडायची का कंबर तलावातून?" ती हसायची, पण बातमी संपेपर्यंत हूं की चूं करायची नाही.

पहिले काही महिने अव्वानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "समुद्र खवळला म्हंजे काय हुतंय गं?" वहिनीनं सांगितलं की बाबा त्या दिवशी होडी पाण्यात घालत नाहीत, घरी जाळी शिवत बसतात, आणि आधीच गेले असतील तर घरात कुणी जेवत नाही. अव्वानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. पण दुसऱ्या दिवसापासून पूजेला बसण्याआधी तिचा प्रश्न ठरलेला, "आज तुज्या घरचं बरं हाय का?" शांत आहे म्हटलं की, "बरं झालं, तुज्या बापाला घास गोड लागंल." आणि खवळलेला असला की त्या दिवशी वहिनीच्या ताटात शेंगादाण्याची चटणी आणि दही जास्त. माझ्या ताटात नाही, हे मी तेव्हाही बोलून दाखवत असे.

एकदा तर अव्वानं मला हळूच विचारलं, "मासं खाल्ल्याबिगर तिचा जीव कसा राहतोय गं?" माझी अव्वा... असं विचारेल असं कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

आता त्या दिवसाबद्दल. मे महिना संपत आला होता. वहिनीच्या वडिलांच्या होडीला नवं इंजिन बसवायला दादा आठवडाभर तिकडं गेला होता. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात जात नाहीत. म्हणून त्याआधी एकदा ट्रायल घ्यायचीच, असं सासऱ्या-जावयाचं ठरलं होतं. गुरुवारी दोघं होडी बाहेर काढणार, हे दादा आम्हाला सांगूनच गेला होता.

आणि नेमके रेडिओचे सेल बसले. बुधवारी संध्याकाळी आवाज चिरका झाला, मग बंद. त्या काळी सेल लगेच फेकत नसत, उन्हात तापवत. तापवले की दोन-चार दिवस आणखी चालायचे. गुरुवारी सकाळी मीच ते काढले, ताटलीत घातले आणि माळवदावर ठेवून आले. मीच, हे लक्षात ठेवा. रेडिओ स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, मागचं झाकण उघडं, आत मोकळं.

जेवणाची वेळ होत आली होती. अव्वा चुलीपुढं, वहिनी उखळीत चटणी कुटत होती, मी उंबऱ्यात बसून कांदा चिरत होते. डोळ्यात पाणी होतं, पण कान ठीक होते... तर कोनाड्यातनं खरखर आली. स्टेशन लावताना येते तशी. मग एका बाईचा आवाज, नेहमीच्या बातम्यांसारखा सपाट. किनाऱ्यावर दक्षिणेकडून जोराचा वारा येतो आहे, समुद्र खवळेल, होड्या पाण्यात घालू नका, गेलेल्यांनी परत फिरा. एवढंच दोनदा म्हणाली. मग पुन्हा खरखर, आणि बंद.

वहिनीच्या हातातलं मुसळ तसंच राहिलं. मी उठून रेडिओ हातात घेतला. मागं मोकळं. पायऱ्या चढून माळवदावर गेले. ताटली तिथंच, सेल तिथंच, हात लावला तर चटका बसला. तशीच खाली आले.

"शेजारचा रेडिओ असेल अव्वा," मी म्हटलं. "भिंतीतनं आवाज येतो कधी कधी."

"आसंल की," अव्वा म्हणाली. "वारं तर यायलंय न्हवं?"

"सेल नसताना रेडिओ बोलला असं सांगून फोन लावायचा का आपण? लोक हसतील."

"हसू दे."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिला रडू येत नव्हतं, तेच वाईट दिसत होतं. "ट्रायल आज असा," एवढंच म्हणाली. "ते दोघंय होडीत असतले."

अव्वानं तव्यावरची भाकरी तशीच टाकली. पदर खोचला आणि निघाली. मेच्या उन्हात, पायात चप्पल नाही. गल्लीत फोन एकच, समोरच्या नरसय्याकाकांच्या चादरींच्या पेढीत. अव्वा आयुष्यात कधी त्या पेढीची पायरी चढली नव्हती. मी तिच्या चपला हातात घेऊन मागनं पळाले, वहिनी माझ्या मागं.

नरसय्याकाका गादीवरून उठूनच उभे राहिले. "अव्वा, तुमी कशाला आलात? पोरीला पाठवायचं होतं ना." अव्वा म्हणाली, "माज्या व्याह्यांस्नी फोन लावून द्या." काकांनी वर एक शब्द विचारला नाही. बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथला नंबर वहिनीला पाठ. काकांनी सगळ्यांत तातडीचा, लाइटनिंग कॉल लावला, तोही पी.पी. म्हणजे ज्याचं नाव दिलंय त्याच माणसाला फोनवर बोलावणार, दुसऱ्याला नाही.

कसा कोण जाणे, लवकर लागला. कारखान्याचा कारकून ओरडून सांगत होता ते मलाही ऐकू येत होतं. होडी सुटली आहे, पण अजून खाडीच्या तोंडाशीच आहे, इंजिन सुरू होतंय आणि बंद पडतंय. हाक मारतो, थांबा. पुढचं आम्हाला दादानं नंतर सांगितलं. समुद्र त्या वेळी शांत होता, आभाळ मोकळं. कारकुनानं धक्क्यावरून पंचा हलवला तर सासरेबुवांनी हातानंच 'नंतर' म्हणून सांगितलं. त्यांना इंजिनचं पडलं होतं. मग कारकून ओरडला, "सोलापूरची विहीणबाय फोनार असा!" झालं. "पयल्यांदा फोन केल्यान तिना, तिका ताटकळत कशी ठेवू?" म्हणाले आणि होडी फिरवली. वारा येणार म्हणून नव्हे बरं का. विहीण वाट बघते आहे म्हणून. दादाही आईशी बोलायला मागोमाग उतरला.

इकडं अव्वानं रिसीव्हर दोन्ही हातांत धरला होता. मी कान चिकटवून उभी.

"नमस्कार, विहीणबायनू. बरा असा मा सगळा?"

"बरं हाय. तुमची जेवणं झाली का?"

मी तिला कोपरानं ढोसलं. वारा सांग की, वारा. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. पहिल्यांदा व्याह्यांशी बोलायचं आणि तोंडातनं अभद्र काढायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. आधी जेवण विचारलं. मग आंब्यांचं. मग विहीणबाईंच्या गुडघ्यांचं. ऑपरेटर मधेच "थ्री मिनिट्स" म्हणाली, काकांनी हातानं खूण केली की बोला, बोला. आणि मग अव्वानं पदर सावरला आणि म्हणाली, "लग्नाला आले न्हाई मी. चुकलं माजं. पोरगी तुमची लई गुणाची हाय... राग धरू नका."

पलीकडं नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली. मग तिकडनं मोठा धडधड आवाज यायला लागला, पत्रे हापटल्यासारखा. कुणीतरी ओरडलं. आणि व्याह्यांचा आवाज, एकदम वेगळा, "वारो इलो... विहीणबायनू, वारो इलो." आणि फोन तुटला.

म्हणजे बघा, सांगायचं ते अव्वानं सांगितलंच नाही. गरज पडली नाही.

संध्याकाळपर्यंत कुणी जेवलं नाही. वहिनीच्या घरची रीत आमच्या घरात आली होती. दिवेलागणीला नरसय्याकाका स्वतः धावत आले, दादाचा फोन होता. दोघं सुखरूप. धक्क्याला बांधलेली होडी दोर तोडून गेली, खडकावर फुटली, इंजिन समुद्राच्या तळाशी. "फोनवर नसतो तर आम्ही दोघं त्याच होडीत होतो," दादा म्हणाला. वहिनी तेव्हा रडली, अव्वाच्या खांद्यावर. अव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत कानडीत काहीबाही म्हणत राहिली. वहिनीला कानडीचा ओ की ठो कळत नव्हता.

रात्रीच्या जेवणाला अप्पांनी सगळं विचारून घेतलं. दुकानदार माणूस, माप नीट लागतं. "रेडिओवर नेमकं काय म्हणाली ती बाई? शब्द सांगा."

अव्वा म्हणाली, "गाळी बरतद, समुद्रक्क होगब्याड्री." म्हणजे वारा येतोय, समुद्रावर जाऊ नका.

अप्पा म्हणाले, "कानडीत?"

"व्हय की. कानडीतच सांगत हुती."

मी हसले. "अव्वा, मराठीत होती. नेहमीच्या बातम्यांसारखी, अगदी पुस्तकी."

वहिनीनं घास खाली ठेवला. आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या गावच्या भाषेत बोलत होती ती. मला वाटलं तुम्हाला कळतंय, म्हणून मी समजावून नाही सांगितलं."

अप्पांनी त्यानंतर तूर निवडायची गोष्ट काढली नाही. कधीच.

मी शोध घ्यायचा तेवढा घेतला. गल्लीत त्या वेळी ज्यांचे रेडिओ चालू होते त्यांना विचारलं, सगळ्यांकडं गाणी लागली होती. वादळाचा इशारा सांगितला तो संध्याकाळच्या बातम्यांत, तोवर होडी फुटून गेली होती. सर्किटमध्ये कुठं चार्ज शिल्लक असेल, म्हणून पुढं कितीदा सेल काढून तो रेडिओ लावून बघितला. चूं नाही. तिघींना एकदम भास झाला असं धरलं तर तोही तीन भाषांत, आणि वारा मात्र खरा. मुलांना आयुष्यभर सांगितलं की ऊर्जेशिवाय काही चालत नाही. तसं सांगताना दर वर्षी तो कोनाडा डोळ्यांपुढं यायचा आणि मी फळ्याकडं वळायचे.

त्या हिवाळ्यात अव्वा पहिल्यांदा व्याह्यांकडं गेली. मी आणि वहिनी सोबत होतो. विहीणबाईंनी तिच्यासाठी वेगळी चूल मांडली होती, नवी कोरी भांडी. संध्याकाळी सगळे वाळूत बसलो. अव्वानं लुगडं सावरून घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून बघितलं, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "कंबर तलावापरीस मोटा हाय खरं." व्याही एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

घराकडं परतताना मी तिला विचारलं, "अव्वा, तुला काय वाटतं? सेल नसताना तो कसा बोलला असेल?"

तिनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं.

"सुमी आल्यापास्नं रोज त्याच्यापुढं बसतीया. तिचं समदं त्याला ठावं. घरचंच झालंय की ते आता. घरच्याला बोलायला सेल लागत्यात व्हय गं?"

आणि पुढं निघून गेलेल्या वहिनीला हाक मारत अव्वा वाळूतनं भराभर चालायला लागली.