न तडकलेला चिखल

बिरूमामांनी मला सोलापुरात आणलं, पहिली भाकरी दिली, कामाला लावलं. हे आधी लिहून ठेवतो. कारण पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, बायकोला नाही, ज्या अप्पांच्या गॅरेजात ते घडलं त्यांनाही नाही. ते वाचल्यावर तुम्हाला वाटेल, या माणसानं मामांचं नाव तोंडानं घ्यावं तरी का? मलाही तसंच वाटतं.

मी समुद्रकाठचा. शाळा लवकर सुटली — सुटली कसली, मीच सोडली. काम शोधत कुर्डुवाडीपर्यंत आलो आणि स्टेशनाबाहेर तापानं पडलो. बिरूमामा सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. औषधांची खोकी न्यायला आले होते. त्या खोक्यांच्या मधे त्यांनी मला निजवलं, अंगावर स्वतःचं घोंगडं टाकलं, आणि थेट सोलापूर येईपर्यंत मला जाग आली नाही. लष्करानं मोडीत काढलेली जीप, तसला रस्ता — त्यात माणसाला झोप लागते? मला लागली. त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

मामांचा लौकिकच तसा होता. खेड्यांतून आजारी माणसं आणायची, अडलेल्या बाया आणायच्या. लोक म्हणायचे, "बिरूच्या गाडीत बसा, पोटातलं पानी हलायचं न्हाय." मामा सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. नवं कोकरू छातीशी धरून चालावं तशी गाडी चालवायचे.

त्यांनीच मला सात रस्त्याजवळ अप्पांच्या गॅरेजात लावलं. पहिल्यांदा जीपखाली आडवा झालो आणि वर बघतच राहिलो. एकावर एक रचलेले पोलादी पाटे, दोन्ही टोकांना सांगाड्याला धरलेले. एक टोक पक्कं, दुसरं एका लोखंडी कडीत झुलतं. ओझं आलं की पाटा सपाट होतो, लांबतो, म्हणून ती कडी झुललीच पाहिजे. अप्पांनी शिकवलं होतं, कडीचा नट पुरता बसवायचा, मग अर्धा फेरा मागं घ्यायचा. मागं? बसलेला नट सैल करायचा? माझ्या जिवाला ते पटेना. काही सुटलं, पडलं, तर मला घरी हाकलतील — हीच धास्ती रात्रंदिवस. म्हणून कुठलाही नट मी जास्तीचाच आवळायचो. अप्पा हसायचे, "होडी बांदतो काय रं? बोल्ट हाय त्यो. भरतीला वाहून जात न्हाय."

एकदा मामांच्या जीपच्या चारी कड्या बदलायच्या निघाल्या. पुढच्या दोन अप्पांनी बसवल्या. मागच्या दोन मी. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून, सगळा जोर लावून आवळल्या. अर्धा फेरा मागं — घेतला नाही.

त्याच आठवड्यात कुंभारीपलीकडच्या एका वस्तीवरून मामांनी बाळंतपणात अडलेली बाई आणली. ती वाटभर ओरडत होती. बाई वाचली, बाळही वाचलं; पण तिच्या सासूनं दवाखान्याच्या दारातच मामांना धरलं, "माणसं आनतोस का धोंडं? माज्या सुनंचा जीव मागं उडत हुता, तुला पाटीला डोळं न्हाईत?" डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "बिरू, हात जड झालाय तुझा. पुन्हा असं झालं तर पेशंटच्या गाडीवर तू नाहीस."

मामा तिथून थेट गॅरेजात आले. अप्पा लग्नाला अक्कलकोटला गेलेले. मामांनी चाकांतली हवा थोडी कमी केली, सात रस्त्याला फेरी मारून आले — धक्के तेच. शॉकअप सोडवून ठेवले, फेरी मारली — तेच. पाट्यांच्या फटींत तेल सोडलं. तेच. मग ते उकिडवे बसून गाडीखाली बघू लागले. उठले, हौदाजवळची ओली काळी माती घेतली आणि चारी कड्यांच्या सांध्यांवर लिंपली, चुलीला पोतेरं करावं तशी, हलक्या बोटांनी. उन्हात वाळू दिली. मला शेजारी बसवून खडीच्या रस्त्यानं जाऊन आले.

आल्यावर मला खाली बोलावलं. "बग की."

पुढच्या दोन्ही सांध्यांवर माती तडकली होती, तिचे पोपडे निघाले होते. मागच्या दोन्हींवर एक रेघसुद्धा नव्हती. एवढा रस्ता आपटत आलो, आणि ती माती लिंपली तशीच्या तशी. म्हणजे कडी झुललीच नव्हती. बारके धक्के गिळायला पाटा मोकळाच नव्हता. लोखंडाच्या आत काय अडलंय ते या माणसानं मूठभर चिखलाला विचारून घेतलं होतं! माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी आठवलं — मागच्या दोन मीच आवळल्या होत्या.

"गाडीला हात लावू नगंस," मामा म्हणाले. "डॉक्टरास्नी घिऊन येतो. त्यांच्या डोळ्यांनी बगू दे." कुणी आवळलं, ते त्यांनी विचारलं नाही.

ते गेले. आणि मी —

मी पाना घेतला. दोन्ही नट सैल केले, आता बरोब्बर अर्धा फेरा मागं घेतले. मग ओल्या फडक्यानं माती पुसून काढली, चारी सांध्यांवरची. हात इतके सफाईनं चालत होते.

डॉक्टर आले. वाकून बघितलं. म्हणाले, "कुठं काय?" स्वतः मागं बसले, मामांना चालवायला लावून फेरी मारून आले. गाडी लोण्यासारखी. "धाकात राहिलास की नीट चालते, हो ना?" मामांनी खाली वाकून पुसलेल्या कडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. फडकं माझ्या हातातच होतं, काळं झालेलं. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

"व्हय सायेब," मामा म्हणाले. "माजाच हात जड झाला."

गाडीवर खापर फोडलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना पेशंटच्या गाडीवरून काढलं, दवाखान्याच्या पाण्याच्या टँकरवर घातलं. त्या संध्याकाळीही त्यांनी मला घरी जेवायला नेलं. ताटात भाकरी वाढली, वर तेल-चटणी घातली आणि एवढंच म्हणाले, "अर्दा फेरा मागं. इसरू नगंस." पुढं कधीही, एका शब्दानंही नाही. एवढं मोठं मन माणसात कुठं मावतं? मी त्यांच्या तोंडाकडं बघत भाकरी खाल्ली. खाल्ली गेली, हेही सांगायला हवं.

मामा आता गावी आहेत, मेंढरांत. डॉक्टर त्याच दवाखान्यात आहेत. जीपही चालू आहे. तिच्या कड्या मीच बघतो. म्हणजे खरं सांगायला मला अडवणारं कुणी नाही, कधीच नव्हतं. एक दिवस मी मामांना त्याच जीपमध्ये पुढं बसवून दवाखान्याच्या आवारात नेईन, डॉक्टरांना बाहेर बोलावीन, आणि सगळ्यांदेखत सांगीन — हात माझा जड होता.