उधाणाआधीचा बांध

बाळकुमच्या गुणाजीनानांना कुणी "बरं हाय ना?" विचारलं, की ते आधी खाडीकडं बघायचे, मग आभाळाकडं, आणि शेवटी नाकातून म्हणायचे, "आता तरी हाय." ‘आता’वर सगळा जोर, आणि ‘हाय’ म्हणजे नुसता सुस्कारा. नेमक्या अशा माणसाच्या गळ्यात गावानं बांधाचं काम घातलेलं.

होळीच्या पुनवेला खाडीचा बांध फुटला, तोही उघाडीपाशीच. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला मिटून खारं पाणी अडवतं. तेच वाहून गेलं. तेव्हा खालची दोन-चार शेतंच भिजली. पण पाडव्याआधीच्या अमावास्येला याहून मोठं उधाण येणार होतं. ते आत शिरलं असतं तर सगळ्या गावाची भातजमीन खारावली असती आणि पुढची काही वर्षं दाणा पिकला नसता. मधे भांगाचे दिवस, म्हणजे भरती अंगात जोर धरत नाही ते. काय करायचं ते तेवढ्यात करायचं.

सरकारी ओव्हरसियर प्रधान ठाण्याहून सायकलनं यायचे. पँटची क्लिप काढता काढता विचारायचे, "बोला गुणाजी, प्रोग्रेस काय?" पहिल्याच दिवशी त्यांनी नानांना बाजूला घेतलं.

"हे बघा, कामं पन्नास असतात. त्यातलं एकच असं असतं, की ते अडलं की बाकीची सगळी अडतात. तुमचं कुठलं?"

"दरवाजा, साहेब."

"मग झोपेतसुद्धा दरवाजा. आणि एस्टिमेटात नाही ते करायचं नाही."

नानांना ‘एस्टिमेट’ हा शब्द फार आवडला. घरटी एक माणूस बांधावर आलेला, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं काहीतरी. पंढरी म्हणाला, "माती टाकतोच हाव, तर बांधावरची गारीवाट जरा रुंद करू."

"यष्टिमिटात नाय."

हौसाबाईंना धुण्यासाठी दोन पायऱ्या हव्या होत्या.

"यष्टिमिटात नाय."

"नाना, तुमची सगुणाकाकू तरी हाय का यष्टिमिटात?" पंढरीनं विचारलं. पाट्या खाली ठेवून लोक हसले. नाना नाही हसले. ते बोटांवर मोजत बसले होते: आधी चौकटीचे दगड, मग दोन्ही अंगांनी माती, मग दरवाजा. दगड उशिरा लागले तर? माती ओली राहिली तर? एकेका कामाला त्यांनी एक ‘तर’ बांधून ठेवलेला.

दरवाजाचं माप गावात पूर्वीपासून दोरीनं घेतात. ओहोटीला चौकटीत उतरून दोरी ताणायची, गाठ मारायची, गावदेवीपुढं ठेवायची आणि मग सुताराला द्यायची. प्रधान म्हणालेले, "माझी टेप घ्या." पण देवीपुढं टेप कशी ठेवणार? गावचा सुतार वारलेला, म्हणून दोरी गेली शहाडच्या विश्रामकडं. नाना दिवसाआड तिकडं धावायचे. विश्राम रंधा न थांबवता म्हणायचा, "होतंय, नाना, होतंय." त्या ‘होतंय’नं नानांची रात्रीची झोप उडायची. सगुणाकाकू म्हणायची, "दरवाजा तो करतंय, आन् कुरकुर तुमच्या हारा-मासांत."

अमावास्येच्या सकाळी दरवाजा होडीतून आला. सागवानाच्या जाड फळ्या, कडेला ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. आठ जणांनी उचलून चौकटीला लावला. बसला नाही. चांगली चार बोटं रुंद.

"फिरवून बघा," पंढरी म्हणाला. फिरवला. तसाच.

नाना चौकटीला पाठ लावून उभे राहिले. मग हळू म्हणाले, "दोरी ओली व्हती."

कुणाला कळेना. त्यांनी सांगितलं. ओली सुती दोरी आखडते. गाठ मारली ती पाण्यात उभं राहून. पूर्वी सुतार गावातलाच, देवळातून दोरी ओली असतानाच उचलायचा. यंदा ती देवीपुढं तीन दिवस वाळली, सैलावली, आणि मग शहाडला गेली. "गाठ मी मारली. चूक माजी हाय."

कडेच्या पट्ट्या काढल्याशिवाय करवत चालणार नव्हती, आणि त्यासाठी शहाडला जाऊन यायला वेळ नव्हता. खाडीचं पाणी भरतीला वळलेलं.

"एवऱ्याशा भोकातून किती पानी येल?" कुणीतरी म्हणालं. "राहू द्या उघरी."

"पानी भोकाएवरा नाय रहात. चौकट उपटून नेल," नाना म्हणाले.

"मग मातीनं बुजवा."

चौकट बुजवली तर आज शेत वाचणार. पण पावसात आतलं गोडं पाणी बाहेर पडायला वाट नाही, रोप सडणार. पंधरा दिवस ज्या दरवाजासाठी नाना धावले, त्याच्याशिवाय काम संपवायचं होतं. त्यांचे ओठ हलत होते. सगळे ‘तर’ एकदमच आलेले असणार.

"पेंढा आना," ते म्हणाले. "पेंढा आन् माती. दरवाजा वर काढून ठेवा."

बायका पेंढ्याच्या पेंड्या घेऊन धावल्या. गाडीवाटेसाठी पंढरीनं गुपचूप साठवलेला मातीचा ढीगही त्यात गेला. त्यानं स्वतःच पाट्या भरून दिल्या. पाणी आलं, चढलं, बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थबकलं. बुजवलेल्या चौकटीतून आत बारीक पाझर लागला. नाना त्यावर तळहात दाबून उकिडवे बसलेले, जणू हातानंच खाडी अडणार होती.

प्रधान सायकल टाकून बांधावर चढले. "गुणाजी, काम पुरं झालं?"

"नाय साहेब. काम अर्धा हाय. शेत पुरा हाय."

प्रधानांनी वर काढलेला दरवाजा बघितला, पाझर बघितला, आणि मातीची एक पाटी उचलून आणली.

पाणी उतरायला लागलं तसे लोक हातपाय धुवायला निघाले. नानांनी हाक मारली, "थांबा. मिरगाआधी ही माती काढून दरवाजा बसवायचाय. घरटी एक मानूस. आताच सांगा, कोन कोन येल?"

"नाना, आजचा पानी तरी जाऊ दे खाली," पंढरी म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला.

नानांनी तळहात उचलला नाही. पाणी उतरून चौकटीचा खालचा दगड उघडा पडेपर्यंत दोघे तिथंच होते.