सुपारी फोडणारी दाढ

आमच्या घराण्यात लग्न ठरलं की सुपारी माझ्या दाढेनं फुटते. म्हणजे, फुटायची. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसलेली, मानपान बोलून झालेला, तबकात हळदकुंकू. अशा वेळी इतर घरांत कुणीतरी अडकित्ता काढतं. आमच्याकडं मी उठायचो. बाह्या सारायचो, अख्खी सुपारी चारी दिशांना दाखवायचो, डाव्या दाढेखाली धरायचो आणि थांबायचो. पोरं गुडघ्यांवर पुढं सरकायची. मग कट्! टाळ्या. अशी अकरा लग्नं मी पक्की केली आणि अकराही वेळा नवरदेवापेक्षा जास्त भाव खाल्ला.

त्या दाढेत चांदी होती. अंबाजोगाईला शिकायला होतो तेव्हा भरून घेतलेली. दाढेत जो जोर आहे तो चांदीचाच, अशी माझी पक्की समजूत.

धाकट्या बहिणीच्या लेकीची सुपारी आठवड्यावर आली होती. मी दुपारी जेवत होतो. ज्वारीची मऊसूत भाकरी, वरून दूध. त्या घासाला दाढेचा तुकडा हातात आला. सुपारीला न हरलेली दाढ दूधभाकरीला हरली! आरशात पाहिलं तर चांदी जशीच्या तशी, आणि तिच्या एका बाजूनं दाढच गायब.

बीडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या ऐकवलं, "चांदीला काही झालं न्हाई बघा. माल एक नंबर होता."

"काका, म्हणूनच दाढ गेली," त्या म्हणाल्या. "चांदी दाताला चिकटत नाही. खड्ड्यात नुसती अडकून बसते. वरून जोर आला की दाताबरोबर वाकत नाही, बाजूच्या भिंतींना बाहेर रेटते. लाकडात पाचर ठोकतो ना, तसं. एक भिंत गेली. दुसरीला बारीक चीर आहे. ती मुळापर्यंत उतरली तर दाढ काढावीच लागेल."

"मग चांदीपेक्षा कडक काहीतरी भरा."

त्या हसल्या. "सगळे हेच म्हणतात. मी भरणार ते दाताला चिकटणारं, जवळपास दाताइतकंच दबणारं. उरलेल्या भिंतींना ते धरून ठेवेल. पण त्याचीही एक खोड आहे. घट्ट होताना आकसतं आणि भिंतींना आत ओढतं. म्हणून एकदम नाही भरायचं. थोडं थोडं, थरावर थर."

प्रत्येक थर घट्ट करायला निळा उजेड. तोंड उघडं आणि बोलणं बंद, असा पाऊण तास माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच गेला. बायको समोरच्या स्टुलावर बसून तो सोहळा डोळे भरून बघत होती.

मी मात्र विचारात पडलो होतो. टाळ्या मी घेतल्या, मोठेपणा चांदीला दिला आणि प्रत्येक कट् सोसला तो त्या पातळ भिंतींनी. एवढ्या वर्षांत त्यांची मी एकदाही चौकशी केली नव्हती.

निघताना बाईंनी बजावलं, "पुढच्या महिन्यात वरून टोपी बसवू. तोवर डावीकडून कडक काही नाही. आणि सुपारी तर टोपी बसल्यावरही नाही. कधीच नाही."

बहिणीला हे सांगायचं धाडस झालं नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाची सुपारी याच दाढेनं फुटलेली आणि संसार सुखाचा झालेला. "दादा, माझ्या लेकीचीबी तूच फोडायची," हे ती महिनाभर घोकत होती.

म्हणून मी नाटक रचलं. पाली गावी तिच्या घरी जाण्याआधी एक सुपारी अडकित्त्यानं कातरून रुमालात ठेवली. वेळ आल्यावर बाह्या सारल्या, अख्खी सुपारी दाखवली, रुमालानं तोंड पुसता पुसता अदलाबदल केली आणि उजव्या दाढेखाली एक फुटाणा चावला. कट्! टाळ्या. कातरलेली खांडं तबकात ठेवली आणि वाटलं, जिंकलो.

नवरदेवाच्या आजोबांनी तबकातलं खांड उचललं. त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"पाव्हणं, दाढ लई धारदार हाय तुमची. कातरल्यावानी गुळगुळीत निघालीय."

बहिणीचा चेहरा उतरला. मी आजोबांसमोर बसलो, आ केला, दाढ दाखवली आणि चांदीपासून फुटाण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. पाचर, भिंत, चीर, थर, सगळं.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि आपलाही आ केला. आत एकही दाढ नव्हती.

"मीबी फोडायचो. पैजा लावून. चार दाढा घालवल्या, बाकीच्या त्यांच्यामागं गेल्या. आमाला कावून न्हाई सांगितलं कुणी हे भिंतीचं?"

मग बहिणीकडं वळून म्हणाले, "लेकी, तोंड कावून पाडलंस? सुपारी फुटल्याशी मतलब. खलबत्ता आण."

बहिणीनं लोखंडी खलबत्ता आणला. आजोबांनी अख्खी सुपारी आत टाकली, बत्ता धरला आणि मला म्हणाले, "धरा, मामा." त्यांच्या हातावर मी हात ठेवला. तिसऱ्या घावाला सुपारी फुटली. टाळी पहिल्यांदा बहिणीनंच वाजवली. आम्ही दोघांनी एकेक खांड गालात धरलं आणि न चावता चघळत बसलो.

लग्न पार पडलं. दाढेवर टोपीही बसली. आजोबांचा दर रविवारी फोन येतो. नातसुनेची खुशाली ते तिलाच सांगायला लावतात. मला विचारतात एवढंच, "भिंत हाय का?"

मी जीभ फिरवून बघतो आणि सांगतो, "हाय."