लेकीच्या फोनची बॅटरी

आमचे हे बॅटरीच्या प्रयोगशाळेत कामाला. त्यातही बॅटरीच्या एकाच टोकावर, अ‍ॅनोडवर, त्यांनी अख्खी हयात घातली. तांब्याच्या पातळ पत्र्यावर काळा लेप द्यायचा, त्याचे कोटाच्या बटणाएवढे सेल बनवायचे आणि यंत्राला लावून महिनोन्महिने चार्ज-डिस्चार्ज करत राहायचं. लेपात सिलिकॉन. ते नेहमीच्या ग्राफाइटपेक्षा कितीतरी जास्त लिथियम पोटात घेतं, पण घेतलं की तिपटीने फुगतं आणि फुगून-आकसून त्याचा पार भुगा होतो. मला हे कसं ठाऊक म्हणाल, तर संसार केलाय मी ह्यांच्याबरोबर.

लेक नोकरीसाठी दूर गेली. रविवारी तिचा फोन यायचा, आणि हे शनिवारपासूनच वाट बघत. फोन हातात आला की सुरू. "अगं, या खेपेला प्रत्येक कणाभोवती कार्बनचं कवच घातलंय, आत फुगायला जागा ठेवलीय..."

थोड्याच वेळात तिकडून ठरलेलं, "बाबा, बॅटरी संपतेय, ठेवते."

कुणालाही कळलं असतं. ह्यांनी ते भलतंच मनावर घेतलं. पुढच्या रविवारी चौकशी, "फोन गरम होतो का? पाठ फुगलीय का?" मला म्हणाले, "पोरीला धड बोलताही येत नाही. आमचा अ‍ॅनोड टिकू दे, मग बघ." मी कपाळाला हात लावला.

मग लेकीने नवा फोन घेतला आणि जुना मैत्रिणीबरोबर माझ्यासाठी पाठवला. ह्यांनी तो आधी प्रयोगशाळेत नेला, बॅटरी काढून तपासली. संध्याकाळी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"कशी निघाली?" मी विचारलं.

"उत्तम. नव्यासारखी."

चहा तसाच निवला. मग म्हणाले, "मी फार बोलतो का गं?"

जन्मभर मी त्यांना हेच ऐकवत आले होते. त्या दिवशी मात्र "नाही हो," मी म्हटलं.

रविवारी फोन आला. "बरी आहेस ना?" एवढंच विचारून ह्यांनी तो माझ्या हातात दिला आणि तिचा आवाज ऐकत शेजारी बसून राहिले. लेक माझ्याशी तासभर बोलली.

त्याच आठवड्यात ह्यांचा कवचवाला सेल सगळ्या चाचण्यांत टिकला होता. लेकीला ते अजून ठाऊक नाही.