अण्णांचा पायऱ्यांवरचा फोटो

आई गेल्यानंतरच्या वर्षी अण्णा आमच्याकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला यायला तयार झाले, पण एका अटीवर. वाटेत जर्मनी दाखवायची. सांगलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला होता आणि न्यूरेंबर्ग हे नाव त्यांच्या तोंडी नेहमी असायचं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी आणि माझी नऊ वर्षांची लेक त्यांना आणायला सांगलीला गेलो होतो. परतताना तिघंही फ्रँकफर्टला उतरलो आणि रेल्वेनं न्यूरेंबर्ग गाठलं.

जाण्याआधी शेजारच्या बाईंना हा बेत सांगितला होता. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. शाळा सुटली की मी ऑफिसमधून येईपर्यंत लेक त्यांच्याकडेच असे. न्यूरेंबर्ग ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "माझा जन्म तिथला. बाजारातल्या कारंज्याचा फोटो काढून आण माझ्यासाठी." पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

दोन दिवस अण्णांच्या पायांना जणू चाकं लागली होती. किल्ल्यातली विहीर इतकी खोल, की गाइडनं वरून पाणी ओतलं आणि आम्ही सगळे कान देऊन थांबलो. आवाज यायला बराच वेळ लागला. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मोठ्या संग्रहालयात एक फार जुना पृथ्वीचा गोल होता, त्यावर अमेरिकाच नव्हती. "बघ, तुझं घर कुठं आहे ते शोध," म्हणत अण्णांनी नातीला चांगलंच दमवलं. खेळण्यांच्या संग्रहालयातून तर ती निघायलाच तयार नव्हती.

शेवटच्या दुपारी गावाबाहेरचं नाझींचं संचलनाचं मैदान पाहायला गेलो. दगडी पायऱ्यांमधून गवत उगवलं होतं. हिटलरची भाषणं जिथून होत, त्या पायऱ्यांवरच्या सज्जावर अण्णा चढले, कोटाची बटणं लावली आणि ताठ उभे राहिले.

"काढ फोटो. लाखभर माणूस एका तालात पाऊल टाकत होतं इथं. शिस्त म्हणजे काय ते बघ!"

खाली एक जर्मन जोडपं थांबून आमच्याकडे बघत होतं. लेकीनं माझी बाही ओढली. "आजोबा, प्लीज कम डाउन," ती हळूच म्हणाली. मी घाईनं फोटो काढला, अण्णा लवकर उतरावेत म्हणून.

नेपरव्हिलला परतल्यावर स्लाइड धुऊन आल्या. एका शनिवारी दुपारी पडदे ओढून सगळ्यांना दाखवायचं ठरलं. दोन मराठी कुटुंबं आली, शेजारच्या बाई आल्या. बटाटेवडे झाले. नवऱ्यानं प्रोजेक्टर लावला. कारंजं भिंतीवर आलं तशा बाई खुर्चीत पुढे झुकल्या. "त्या जाळीत एक कडी आहे, ती फिरवून आम्ही मनातलं मागायचो," त्या लेकीला सांगत होत्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग पायऱ्यांवरचे अण्णा आले. ती स्लाइड काढून ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णा उठून उभे राहिले, वर्गात राहावेत तसे. इंग्रजीत बाईंना म्हणाले, "मॅडम, लोक काहीही म्हणोत, त्या माणसानं तुमच्या देशाला शिस्त लावली. आमच्याकडे असा एक हवा होता."

"काका, अगदी करेक्ट बोललात," पाहुण्यांपैकी एक गृहस्थ वड्याचा घास घेत म्हणाले.

बाईंचा आवाज चढला नाही. "आम्ही ज्यू होतो. मी आणि आई आधी निघालो," त्या म्हणाल्या. "वडील दुकान विकून मागून येणार होते. ते आले नाहीत." मग त्यांनी कोट मागितला. लेक त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. मी जागची हललेही नाही. चेहरा असा तापला होता, की खोलीत अंधार आहे याचंच बरं वाटलं.

पाहुणे गेल्यावर अण्णा म्हणाले, "त्या ज्यू आहेत हे मला काय माहीत?"

"त्या नसत्या तर चाललं असतं का, अण्णा?"

ते उठून आपल्या खोलीत गेले. रात्री जेवलेही नाहीत.

सकाळी कानटोपी घालून ते दाराशी उभे. "मी एकटा जातो," म्हणाले. पण बाहेर बर्फ गोठला होता, मी त्यांचा हात धरून गेले. बाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. अण्णांनी वाक्यं पाठ केली असावीत, ती सगळी विसरले.

"मी चुकीचं शिकवलं," एवढंच म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात आमच्याबद्दल काही होतं का?"

"एक ओळ होती."

"मुलं काही विचारायची?"

"नाही." अण्णांनी मान खाली घातली. "संचलनाबद्दल विचारायची. ते मी रंगवून सांगायचो."

माझ्या वडिलांना असं उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मुलं त्यांच्यापुढे अशी उभी राहायची. बाईंनी त्यांना माफ केलं असं म्हणता येणार नाही. "थंडी आहे, घरी जा," म्हणाल्या, आणि आम्ही वळल्यावर मागून, "मुलीला सोमवारी पाठव."

सोमवारी लेक गेली, पुढेही जात राहिली. अण्णा मात्र त्या अंगणाकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी तिला आणायला निघाले, तरी फुटपाथवरच थांबायचे, ती बाहेर येईपर्यंत. एकदा बाईंनी खिडकीतून हात केला. अण्णांनी टोपी काढली, पण पाऊल पुढे टाकलं नाही.

आठवड्याभरानं त्या पाहुण्यांचा फोन आला. "काका काय खोटं बोलले यार? त्या बाईंनी उगाच पर्सनली घेतलं." मी म्हणाले, "अण्णा खोटं बोलले, आणि तुम्ही हो म्हणालात." त्या घराशी आमचं येणंजाणं मग थांबलंच. अण्णा शेजारच्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत. मीही आत गेले नाही. पायऱ्यांवर ते उभे राहिले होते, पण फोटो मीच काढला होता; आम्हा दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.